शेवटचा चार्ज भरा, रक्कम लगेच जमा

या वेळी आलेली पत्रं जवळपास सगळी एकाच विषयावरची आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. कुणीतरी अनोळखी माणूस मोठी रक्कम देतो म्हणतो, आणि ती हातात पडायच्या आधी तुमच्याकडून थोडी रक्कम मागतो, कधी फी म्हणून, कधी टॅक्स म्हणून, कधी डिपॉझिट म्हणून. लिहिणाऱ्यांची नावं आणि ओळख पटेल असा मजकूर काढून टाकलाय.

ताई, माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, झेडपीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. त्यांना मेल आला की ब्रिटनमधल्या लॉटरीत त्यांच्या ईमेल आयडीला ५ लाख पौंड लागलेत आणि रक्कम रिझर्व्ह बँकेत येऊन पडलीय. त्यांनी आधी १८,५०० भरले, मग ४२,०००, मग अजून. आम्हाला कळलं तोवर दोन एफडी मोडून झाल्या होत्या. आता ६५,००० मागतायत आणि बाबा म्हणतात हा शेवटचाच चार्ज आहे, एवढे भरले की सगळं सुटेल. भाऊ त्यांना नाही नाही ते बोलतो, घरात रोज भांडणं. त्यांचा फोन काढून घेऊ का? (सातारा जिल्ह्यातून एक मुलगी)

ताई, पहिलं काम म्हणजे ते ६५,००० जाऊ देऊ नका, बाकी सगळं नंतर. फोन मात्र हिसकावून घेऊ नका, का ते पुढे सांगते.

तुम्ही सोबत जोडलेला मेल मी नीट पाहिला. वर सिंहाची राजमुद्रा, रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह, खाली गव्हर्नरांची सही म्हणून चिकटवलेलं चित्र आणि त्यावर गोल शिक्का, आणि हा सगळा थाट आलाय कुठून तर फुकटात उघडता येणाऱ्या जीमेलच्या पत्त्यावरून. पैसे भरायला दिलेलं खातं दुसऱ्याच राज्यातल्या एका शाखेतलं, कुणा बाईच्या नावाचं साधं सेव्हिंग खातं. रिझर्व्ह बँकेला कुणाकडून पैसे घ्यायचेच असतील तर ती कुणा बाईच्या सेव्हिंग खात्यात कशाला घेईल? बाबांना हा एवढाच प्रश्न विचारा, आणि आवाज न चढवता विचारा. रिझर्व्ह बँक लॉटरीचे पैसे कुणासाठी सांभाळून ठेवत नाही, बक्षिसाचे मेल पाठवत नाही, आणि हे तिने स्वतः वर्षानुवर्षं जाहीर करून सांगितलंय. परदेशी लॉटरीत भाग घ्यायला इथून पैसे पाठवणं तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली बंदच आहे. आणि न काढलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नाही हे बाबांनी वर्गातल्या पोरांनाही सांगितलं असतं.

मग एवढा शिकलेला माणूस अडकला कसा, असं भावाला वाटत असणार. पहिल्याच मेलमध्ये कुणी दोन लाख मागत नाही. आधी प्रोसेसिंग फी, मग करन्सी कन्व्हर्जन, मग सीओटी कोड नावाचं काहीतरी, मग अँटी-टेररिस्ट सर्टिफिकेट, असे चार्ज एकामागून एक निघत जातात आणि प्रत्येक वेळी सांगतात हा शेवटचा. तोवर बाबांचे इतके पैसे गेलेले असतात की आता थांबायचं म्हणजे ते सगळे बुडाले हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. ते कबूल करण्यापेक्षा अजून ६५,००० भरणं सोपं वाटतं, कारण भरले की निदान चार दिवस आशा तरी राहते. याला लोभ म्हणू नका, बुडत्याने धरलेली काडी आहे ती. आणि घरात जेवढं जास्त बोलाल तेवढी ती काडी ते घट्ट धरतील, कारण मग ५ लाख पौंड आणून दाखवणं हाच तुमच्यासमोर इभ्रत वाचवायचा एक रस्ता उरतो.

म्हणून भावाला आधी गप्प करा. एका संध्याकाळी बाबांसोबत बसून सगळे मेल आणि पासबुक पुढ्यात ठेवा, किती तारखेला किती आणि कुणाच्या नावाने गेले ते बाबांनाच वहीत लिहू द्या. हेडमास्तर आहेत, हिशोब त्यांचा पक्का असणार. मग विचारा की बाबा, ५ लाख पौंडातून हे ६५ हजार कापून उरलेले का देत नाहीत? खरी बँक तिचा चार्ज येणाऱ्या रकमेतून वळता करून घेते, हे पेन्शन खात्यामुळे त्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शाखेत मॅनेजरकडे घेऊन जा, बाहेरच्या माणसाकडून ऐकलेलं कधीकधी लवकर पटतं. फोन काढून घेतलात तर ते शेजाऱ्याच्या फोनवरून बोलतील आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही. त्यापेक्षा त्यांच्याच संमतीने ऑनलाइन ट्रान्सफरची मर्यादा खाली आणा आणि ईमेल आयडी बदला, कारण एकदा पैसे भरलेल्या माणसाचं नाव या लोकांच्या यादीत जातं आणि ती यादी हातोहात फिरते.

तक्रार आजच करा. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही नोंदवा. मेल डिलीट करू नका, प्रत्येक ट्रान्सफरचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, आणि स्टेटमेंट जवळ ठेवा. जुने पैसे परत मिळतील असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात ते गोठवता येतात, महिने उलटले की ते कधीच काढून घेतलेले असतात. बँकेकडूनही फार आशा धरू नका, रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तीन दिवसांत कळवलं तर नुकसान बँकेचं असा जो नियम लोक सांगतात तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे, इथे पैसे बाबांनी स्वतः पाठवलेत. तरीही तक्रार हवीच, कारण ज्या खात्यात गेले ते खातं बंद पडलं तर दुसऱ्या कुणाचे बाबा वाचतील.

मला असे मेल नेहमी येतात, कुणी सेनापतीची विधवा, कुणी मरायला टेकलेला व्यापारी. इंग्रजी इतकं भंगार असतं की शाळकरी पोरगं ओळखेल. एवढा पैसा कमावणारे लोक मेल धड का लिहीत नाहीत? (पिंपरीहून एक वाचक)

दादा, तुम्ही ओळखावं म्हणूनच ते तसं लिहितात, निदान एका संशोधकाचं तरी असं म्हणणं आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये एक पेपर लिहिला, नायजेरियाचे ठग आपण नायजेरियाचे आहोत हे उघड का सांगतात या प्रश्नावर. मेल लाखो लोकांना पाठवायला जवळजवळ काहीच खर्च नाही, पण जे उत्तर देतात त्या प्रत्येकाशी आठवडेच्या आठवडे बोलत बसावं लागतं आणि खरा खर्च तिथे आहे. मेल झकास लिहिला तर तुमच्यासारखे शंभर जण उत्तर देतील, चार प्रश्न विचारतील आणि पैसे मागितले की निघून जातील, म्हणजे ठगाचा वेळ वाया. मेल असा लिहिला की चौकस माणूस पहिल्या ओळीतच तो फेकून देईल, तर उत्तर फक्त त्यांचंच येतं जे शेवटपर्यंत विश्वास ठेवतील.

म्हणून तो मेल पाहून आपण हसतो तेव्हा एक गोष्ट विसरतो, तो आपल्यासाठी लिहिलेलाच नसतो. तो लिहिलेला असतो ज्याला विचारायला घरात कुणी नाही त्याच्यासाठी, नुकताच स्मार्टफोन हातात आलेल्यासाठी, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे किंवा घरात मोठं आजारपण आहे त्याच्यासाठी, आणि छापील शिक्का दिसला की खरं मानायची सवय लागलेल्या आपल्या आधीच्या अख्ख्या पिढीसाठी. आणि आता तर शुद्ध मराठीत मेल येतात, त्यामुळे भाषेवरून ओळखायची सवय सोडलेलीच बरी.

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फुकटचे करोडो पाहिजेत म्हणून लोक फसतात. लोभी माणसाला धडा मिळाला तर एवढी हळहळ कशाला? आणि हे सगळं ते आफ्रिकन लोकच करतात ना? (नाशिकहून एक काका)

काका, राग नाही पण तुमचं म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हा धंदा इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांना स्पेनहून पत्रं यायची की एक श्रीमंत माणूस तुरुंगात पडलाय, त्याच्या पेटीत घबाड आहे, त्याची मुलगी पोरकी आहे, सोडवायला थोडे पैसे पाठवा, घबाडात तुमचाही वाटा. तेव्हाही ते पत्र वाचून मदतीला धावणारे लोक होते आणि त्या पोरक्या मुलीसाठी पैसे पाठवणाऱ्या सगळ्यांनाच लोभी कसं म्हणायचं? ईमेल आल्यावर फक्त पोस्टाचं तिकीट वाचलं. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या फसवणुकीच्या कलमाचा नंबर ४१९ आहे, म्हणून जगभर या प्रकाराला फोर वन नाइन असंच नाव पडलंय.

आता अडाणी आणि लोभीच फसतात या मुद्द्यावर एक प्रकरण सांगते. ब्राझीलमध्ये बांको नोरोएस्ते नावाची बँक होती. १९९५ ते १९९८ या काळात त्या बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला, जो परदेशी व्यवहार बघायचा, इमॅन्युएल न्वूदे नावाच्या माणसाने आपण नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर पॉल ओग्वुमा आहोत असं सांगून गाठलं. अबुजाला नवा विमानतळ होतोय, त्यात गुंतवणूक करा, तुम्हाला १ कोटी डॉलर कमिशन. विमानतळ बिमानतळ काही नव्हतंच. पण पैसे जात राहिले, एकदा नाही, तीन वर्षं, आणि व्याज धरून आकडा २४ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास गेला. उघडकीस कसं आलं तर १९९७ मध्ये स्पेनची सांतांदेर बँक ही बँक विकत घ्यायला निघाली आणि हिशोब तपासताना लक्षात आलं की भांडवलाचा मोठा हिस्सा केमन बेटांवर पडलाय आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नाही. नोरोएस्ते पुढे २००१ मध्ये बंद पडली. आणि साताऱ्याच्या त्या हेडमास्तरांना आलेला मेल परत वाचा, तिथेही गव्हर्नरांचंच नाव आणि तिथेही कधी न येणारी मोठी रक्कम. आंतरराष्ट्रीय व्यवहारात मुरलेला बँकर तीन वर्षं गंडत असेल तर पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला लोभी म्हणायचा आपल्याला काय हक्क?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच प्रकरणात आहे. न्वूदेला पकडून कोर्टात उभं केलं ते नायजेरियाच्याच ईएफसीसी या तपास यंत्रणेने, जी २००३ मध्ये मुख्यतः अशाच गुन्ह्यांसाठी उभी राहिली, आणि २००५ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षाही तिथल्याच कोर्टाने सुनावली. आणि आज आपल्याकडे येणारे कॉल, खाती, सिमकार्डं यातलं कितीतरी आपल्याच देशातल्या लोकांनी चालवलेलं असतं. २००३ मध्ये प्रागमध्ये अशाच फसवणुकीत आयुष्याची कमाई गेलेल्या ७२ वर्षांच्या एका निवृत्त डॉक्टरने नायजेरियाच्या वकिलातीत जाऊन तिथल्या अधिकाऱ्याला गोळी घालून मारलं, ज्याचा त्या फसवणुकीशी काडीचाही संबंध नव्हता. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकन मुलांना भाड्याने खोली मिळताना काय काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे, म्हणून म्हणते, काका, असं सरसकट बोलू नका.

आणि धडा म्हणाल तर तो ठगांना क्वचितच मिळतो, बहुतेक वेळा तो मिळतो फसलेल्याला, आणि लोक हसतील या भीतीने तो पोलिसांकडेच जात नाही. ठगांना नेमकं हेच हवं असतं.

मी ५४ वर्षांची आहे, मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. फेसबुकवर लंडनच्या एका डॉक्टरांशी ओळख झाली, पाच महिने रोज बोलतो, स्वभावाने फार चांगले आहेत. त्यांनी मला गिफ्ट पाठवलं. मग दिल्ली एअरपोर्टवरून कस्टमच्या मॅडमचा फोन आला, ३५,००० ड्युटी भरा. मी भरली. आता म्हणतात पार्सलच्या स्कॅनिंगमध्ये पौंड सापडले, १ लाख १० हजार दंड भरा नाहीतर मनी लाँडरिंगची केस होईल. मला झोप येत नाही. मुलाला सांगायची लाज वाटते. (डोंबिवलीहून)

ताई, तुमच्यावर कुठलीही केस होणार नाही. पार्सल नाही, पौंड नाहीत, ती बाई कस्टमची नाही. आज रात्री शांत झोपा.

कस्टमचा माणूस फोन करून कुणाच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर ड्युटी भरायला सांगत नाही. खरं पार्सल असेल तर कुरिअर कंपनी तुमच्याशी बोलते, ड्युटीची सरकारी पावती मिळते. शिवाय २०१९ पासून कस्टमच्या कुठल्याही पत्रावर डिन नावाचा नंबर असतो आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय मंडळाच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो, तुम्हाला काही पत्र आलं असेल तर त्यावर तो नसणार किंवा खोटा असणार. पहिल्यांदा तुम्हाला आनंदाने पैसे भरायला लावले, दुसऱ्यांदा भीतीने लावतायत, हा या प्रकारातला नेहमीचा क्रम आहे.

जास्त अवघड भाग डॉक्टरांचा आहे. ते डॉक्टर त्या फोटोतले नाहीत, ताई. फोटो बहुतेक कुणा भलत्याच माणसाचा उचललेला असतो. गूगलवर फोटो टाकून शोधता येतं, मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत काढून देईल. पण पाच महिने तुम्ही जे बोललात ते तुमच्या बाजूने खरं होतं, त्याची लाज कसली? संध्याकाळी घरात कुणी चहा झाला का एवढं विचारणारं असावं असं वाटणं यात काहीही चूक नाही. या लोकांनी नेमका तोच रिकामा कोपरा शोधला, आणि त्याचा दोष त्यांचा.

त्यांना हे कळलंय असं लिहू नका, जाब विचारू नका, नंबर ब्लॉक करा. ब्लॉक करायच्या आधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट मात्र घ्या. तुम्ही काही खासगी फोटो पाठवले असतील आणि त्यावरून धमकी आली तरी एक रुपया देऊ नका, त्याचीही तक्रार त्याच पोर्टलवर होते. मुलाला आज सांगा, समोरासमोर जमत नसेल तर हे पान त्याला वाचायला द्या.

मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. एका ऑनलाइन कामात माझ्या खात्यात पैसे येतात, मी ५ टक्के ठेवून बाकीचे सांगतील त्या खात्यात पाठवतो. मी कुणाला फसवलेलं नाही. हे चालतं ना?

नाही चालत, बाळा, अजिबात नाही. वर साताऱ्याच्या पत्रात ते दुसऱ्या राज्यातल्या बाईचं खातं आहे ना, तसंच खातं आता तुझं आहे. जे पैसे तुझ्याकडे येतात ते कुणाच्या तरी मोडलेल्या एफडीचे असतात आणि पोलीस जेव्हा पैशाचा माग काढतात तेव्हा पहिलं नाव तुझं लागतं, काम देणाऱ्याचं नाव तुलाही माहीत नसतं. आयटी म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी कलम लागू शकतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, वर फसवणुकीची कलमं वेगळी. आजच्या आज पुढे पैसे पाठवणं थांबव, खात्यात आलेल्या रकमेला हात लावू नकोस, बँकेला लेखी कळव, आई-वडिलांना सांग आणि वकील सोबत घेऊन सायबर पोलिसांकडे स्वतः जा. एटीएम कार्ड किंवा सिम कुणाला दिलं असशील तर तेही सांग.

शेतात मोबाइल टॉवर बसवतो, महिना ४०,००० भाडं आणि २५ लाख ॲडव्हान्स, आधी ट्रायच्या एनओसीचे १२,८०० भरा असं पत्र आलंय. भरू का? (बीड जिल्हा)

भरू नका. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था असली एनओसी देतच नाही, आणि टॉवर कंपनी जागा घेते तेव्हा ती तुम्हाला भाडं देते, तुमच्याकडून काही घेत नाही. पत्रावर तिरंगा असो नाहीतर शिक्का. गावात अजून कुणाकुणाला असं पत्र आलंय ते विचारा आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर सूचना लावायला सांगा, कारण दुष्काळी पट्ट्यात हे लोक एका वेळी अख्ख्या गावाला पत्रं टाकतात.

माझे अशाच प्रकारात ३ लाख गेले होते. आता नायजेरियाच्या ईएफसीसीकडून मेल आलाय की ठग पकडला गेला, माझं नाव भरपाईच्या यादीत आहे, फक्त कोर्ट फी २२,००० भरायची. वर तुम्हीच म्हणता ही यंत्रणा खरी आहे. मग? (मडगावहून)

यंत्रणा खरी आहे, मेल खोटा आहे. ज्यांनी तुमचे ३ लाख नेले त्यांनीच किंवा त्यांच्याकडून यादी घेतलेल्या दुसऱ्या टोळीने तो पाठवलाय, कारण तुमचे किती गेले आणि कधी गेले ते त्यांनाच माहीत असतं. ईएफसीसी असो, इंटरपोल असो की आपलं सायबर सेल, पैसे परत करायला कुणीही तुमच्याकडून आधी फी घेत नाही. टेलिग्रामवर रिकव्हरी एजंट आणि एथिकल हॅकर म्हणून जे भेटतात तेही यातलेच. आपल्याकडे गोठवलेली रक्कम सुटते ती कोर्टाच्या किंवा पोलिसांच्या प्रक्रियेतून, आणि त्यासाठी तुमच्या मूळ तक्रारीचा नंबर लागतो. पहिल्या वेळी तक्रार केली नसेल तर आता दोन्हींची एकत्र करा, हा नवा मेलही जोडा, आणि नंबर मिळाला की त्याची एक प्रत तुमच्या बँकेच्या शाखेत देऊन पोच घ्या.